काळ्या पट्ट्यांमधले पाच राग

जॅझ म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सॅक्सोफोन येतो, नाहीतर गाल फुगवून ट्रम्पेट वाजवणारा लुई आर्मस्ट्राँग. पियानो येत नाही. पियानो आपल्याला भेटला तो हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बंगल्यात. नायक त्यावर बोटं फिरवत गात असतो आणि नायिकेचं लग्न दुसऱ्याशीच ठरलेलं असतं. त्यामुळे पियानो म्हणजे दु:खी माणसाचं महागडं फर्निचर, असा आपला एक समज होऊन बसला आहे. जॅझमधला निम्मा विचार मात्र या पियानोवरच झाला. आणि त्या विचाराला शास्त्रीय संगीताने, आधी युरोपच्या आणि मग आपल्याही, वेळोवेळी खतपाणी घातलं. त्या व्यवहाराचा एक मोठा भाग मुंबईत घडला. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

मी परंड्याचा. शाळेत संगीत शिकवलं, भजनाला आणि कीर्तनाला पेटी धरली. परंड्यात बसून कोणी जॅझबद्दल का बोलावं, असं कोणाच्या मनात आलं तर त्यांना आमच्या किल्ल्याची एक गोष्ट सांगतो. विजापूरची प्रसिद्ध ‘मुलूखमैदान’ तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली गेली. ओतणारा होता मुहम्मद बिन हुसेन रूमी, म्हणजे तुर्की मुलखातला कारागीर. ही तोफ पुढे परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली. कारागीर कुठला, धातू कुठला, किल्ला कुठला आणि नाव गाजलं कुठे! वाद्यांचंही असंच असतं.

पेटीवाला म्हणून जॅझकडे मी जरा वेगळ्या बाजूने आलो. १९७० च्या आसपास घरात एक जुना रेडिओ होता. रात्री शॉर्टवेव्हवर काटा फिरवताना खरखरीतून ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ लागायचं. विलिस कॉनोव्हर नावाचा निवेदक खर्जातल्या आवाजात, अगदी सावकाश, माझ्यासारख्या मराठी माध्यमातल्या पोरालाही कळेल अशा इंग्रजीत जॅझबद्दल बोलायचा. हा कार्यक्रम १९५५ पासून जगभर ऐकला जाई. मला त्यातलं फार समजत होतं असं नाही. पण एक गोष्ट लगेच कळली. हे लोक लिहिलेलं वाजवत नव्हते. एक चीज घेत होते, ती एकदा नीट मांडत होते आणि मग तिच्या चौकटीत राहून उपज करत होते. आणि शेवटी पुन्हा मुखड्यावर येत होते. हे तर आपल्याकडचंच काम!

चौकट मात्र वेगळी. ‘ब्लूज’ नावाचा त्यांचा जो मूळ प्रकार आहे, त्यात चार-चार मात्रांचे बारा खंड असतात. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. दर आवर्तनात ठरलेल्या जागी सुरांचा आधार बदलतो. आपल्याकडे तंबोरा मैफल संपेपर्यंत हलत नाही. त्यांच्याकडे जणू तंबोराच ठरावीक मात्रांनंतर जागा बदलतो, आणि वाजवणाऱ्याने त्याच्याबरोबर हलायचं. हा फरक ध्यानात ठेवला तर पुढचं सगळं सोपं होईल.

पियानोवर आयत्या वेळी रचून वाजवणं ही काही जॅझवाल्यांनी लावलेली नवी वाट नाही. १७४७ च्या मे महिन्यात बासष्ट वर्षांचे बाख प्रशियाचा राजा फ्रेडरिक याच्या दरबारी पॉट्सडॅमला गेले. राजाने स्वत: एक सुरावट दिली आणि म्हटलं, वाजवा. बाखने तिथल्या तिथे तिच्यावर तीन आवाजांची ‘फ्यूग’ बांधली. फ्यूग म्हणजे एक सुरावट सुरू होते, ती पुढे चालत असतानाच दुसरा आवाज तीच सुरावट उचलतो, मग तिसरा; आणि तिघांनी एकमेकांच्या पायात न येता चालायचं. राजा म्हणाला, आता सहा आवाजांची. त्यावर बाखने आपल्या पसंतीची सुरावट घेऊन ती वाजवली आणि राजाच्या सुरावटीवरची मात्र घरी जाऊन सावकाश लिहिली. मोझार्ट आणि बीथोव्हेन हेही उत्स्फूर्त वादनासाठी नावाजलेले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या कागदाचा मान इतका वाढला की मैफलीतून ही उपज हळूहळू नाहीशी झाली. ती परत आली अमेरिकेतल्या काळ्या वादकांच्या बोटांतून.

न्यू ऑर्लिन्सच्या जेली रोल मॉर्टनने १९३८ मध्ये वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी तासन्‌तास बोलून आणि वाजवून ठेवलं आहे. त्यात तो व्हर्डीच्या ‘इल त्रोवातोरे’ या ऑपेरातली एक सुरावट आधी सरळ वाजवतो आणि मग तीच आपल्या पद्धतीने डोलवत वाजवतो. आपल्याकडच्या नाट्यपदांची आठवण होते. नाटकातलं पद भजनात शिरतं, बँडवाल्याकडे जातं, वरातीत वाजतं. तसं तिकडे ऑपेराचं झालं होतं. ओहायोतला आर्ट टेटम तर जवळजवळ अंध. त्याने १९४० च्या सुमारास द्वोर्झाकची ‘ह्युमोरेस्क’ ध्वनिमुद्रित केली. ती ऐकताना दोनच हात आहेत यावर विश्वास बसत नाही. मूळ चाल तो मोडत नाही. तिच्या दोन ओळींमधल्या मोकळ्या जागेत तो जे भरतो, ते आपल्या तानांच्या जातीचं आहे.

आता मुंबईकडे येऊ. १९३५ मध्ये लिऑन अॅबी नावाच्या काळ्या व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. पाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथचा ताफा आला, आणि त्यात पियानोवर होता टेडी वेदरफोर्ड. हा माणूस साधासुधा नव्हे. शिकागोच्या व्हेंडोम थिएटरात मूकपटांच्या वेळी वाजणाऱ्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदात तो होता. तिथे एकाच संध्याकाळी युरोपियन शास्त्रीय रचनाही वाजत आणि जॅझही. १९२६ मध्ये आर्मस्ट्राँगबरोबर त्याची तबकडी निघाली आणि त्याच वर्षी तो पूर्वेकडे निघून आला तो कायमचाच. शांघाय, मुंबई, कोलंबो, कोलकाता. ‘ताज’च्या चमकत्या लाद्यांवर साहेबलोक, संस्थानिक आणि मुंबईतले शेठ नाचत होते आणि हा गडी रोज रात्री पियानोवर नवं काही रचत होता. त्यातलं फार थोडं तबकडीवर उतरलं. १९४५ च्या एप्रिलमध्ये तो कोलकात्यात कॉलऱ्याने गेला.

त्याच्या बाजूला बसून शिकले ते गोव्याचे वादक. गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना नोटेशन, व्हायोलिन, कोरस हे सगळं लहानपणीच शिकवत. त्यामुळे मुंबईत त्या काळी कागदावरचे सूर वाचून लगेच वाजवणारा माणूस हवा असला तर तो बहुधा गोवेकर निघायचा. हळदोण्याचा अँतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाला आणि ‘भारताचा आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजला. मिकी कोरियाचा बँड ‘ताज’मध्ये सुमारे दोन दशकं टिकला. पण १९४९ चा दारूबंदी कायदा आला, नाचघरं आणि क्लब ओसरले आणि या मंडळींना पोटासाठी दुसरं दार शोधावं लागलं. ते दार होतं सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाचं.

त्या दारात त्यांना एक मराठी माणूस भेटला. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा माणूस जॅझच्या तालावर लट्टू होता. भगवानदादांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) चिक चॉकलेट आणि त्याचे साथीदार पडद्यावरसुद्धा दिसतात. आमच्या भागात तंबूतल्या टॉकीजमध्ये हा सिनेमा किती वेळा लागला असेल! लोकांनी शिट्ट्या मारल्या, पैसे उधळले. आपण जॅझ ऐकतो आहोत हे कोणाला माहीत होतं? आणि माहीत असायची गरज तरी काय होती?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या संगीतकाराच्या खोलीत मधोमध असायची पेटी. चाल पेटीवर बांधली जाई. मग गोवेकर अरेंजर ती कागदावर उतरवून तिच्याखाली सुरांची संगत लिहायचा, कुठे व्हायोलिन, कुठे ट्रम्पेट, कुठे पियानो ते ठरवायचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम वर्षानुवर्षं सेबॅस्टियन डिसूझा यांनी केलं. म्हणजे पेटीपासून पियानोपर्यंतचा रस्ता या माणसांच्या कागदावरून जात होता. श्रेयनामावलीत त्यांचं नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. मला हे नेहमी खटकत आलं आहे. कीर्तनात बुवांचं नाव फलकावर आणि पेटीवाल्याचं कुठेच नाही, हे ज्याने सोसलं आहे त्याला ते जास्त खटकतं, एवढंच.

१९५८ हे साल मला फार महत्त्वाचं वाटतं. अमेरिकन सरकार त्या वेळी रशियाशी चाललेल्या शीतयुद्धात जॅझ वादकांना राजदूत म्हणून देशोदेशी पाठवत होतं. त्यातली विसंगती उघड होती. ज्या संगीताचा अभिमान परदेशात मिरवायचा, ते घडवणाऱ्या काळ्या माणसाला घरी बसच्या आसनापासून झगडावं लागत होतं. त्या वर्षी पियानोवादक डेव्ह ब्रुबेक आपल्या चौघांच्या ताफ्यासह पोलंड, तुर्कस्तान, भारत, श्रीलंका, पाकिस्तान, अफगाणिस्तान असा फिरला. (ताफ्यातला बासवादक यूजीन राइट काळा होता. १९६० मध्ये अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या महाविद्यालयांनी ‘त्याला बदला’ म्हटलं तेव्हा ब्रुबेकने बहुतेक सगळा दौरा सोडून दिला.)

ब्रुबेकची आई पियानो शिकवायची, पण हा स्वत: नोटेशन वाचण्यात इतका कच्चा की कॉलेजने ‘मी कधी पियानो शिकवणार नाही’ असं वचन घेऊन त्याला पदवी दिली. महायुद्धानंतर तो फ्रेंच संगीतकार दारियुस मियो यांच्याकडे शिकला आणि मियोंनी त्याला जॅझ सोडू दिला नाही. गुरूवर इतकी भक्ती की थोरल्या मुलाचं नावच त्याने दारियुस ठेवलं. हा ब्रुबेक पोलंडमध्ये शोपँचं घर बघून आला, शोपँच्या ढंगाची एक छोटी रचना केली, तिला पोलिश भाषेतला ‘धन्यवाद’ हा शब्द नाव म्हणून दिला आणि तिथल्याच मैफलीत वाजवली. वाजवून झाल्यावर सभागृह क्षणभर गप्प. त्याला वाटलं, आपण यांच्या दैवताचा अपमान केला. मग टाळ्यांचा पाऊस पडला. इस्तंबूलच्या रस्त्यावर त्याने नऊ मात्रांचा ताल ऐकला, दोन-दोन-दोन-तीन असा. त्यावरून १९५९ च्या ‘टाइम आउट’ या तबकडीतली त्याची गाजलेली रचना झाली. अमेरिकेत लोक या तालाने चक्रावले. आपल्याकडे रूपक आणि झपताल हातावर मोजणाऱ्या माणसाला त्यात अवघड काहीच नाही.

मुंबईत तो सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्यासोबत वाजवायला बसला. खाँसाहेब मूळचे जावऱ्याचे, पण कर्मभूमी मुंबई. सिनेमासंगीतातही त्यांची सतार वाजली. मला या दोघांच्या बैठकीचं चित्र मनात आणायला आवडतं. एका बाजूला तार ओढून एका पडद्यावर चार-पाच सुरांची मींड काढणारा माणूस. दुसऱ्या बाजूला अठ्ठ्याऐंशी पट्ट्या असूनही दोन सुरांच्या मधे जाऊ न शकणारा. परतल्यावर त्याच वर्षी ब्रुबेकने या प्रवासावर एक तबकडी केली. तिच्यात ‘कलकत्ता ब्लूज’ नावाची रचना आहे. ब्लूज म्हटलं तरी तिच्यातला आधार फारसा हलत नाही. तंबोरा त्याच्या कानात बसला होता, हे उघड आहे.

आणि त्याच वर्षी, त्याच मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात गोव्याच्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी मोठा वाद्यवृंद उभा करून रागांवर आधारलेल्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. पाश्चात्त्य स्वरसंगतीत राग बसवण्याचा हा फार मोठा प्रयत्न होता. तो पुढे सरकला नाही. आज त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) गाण्यात गुरूचं नाव गुंफलं म्हणून. गंमत अशी, की ते गाणं म्हणणाऱ्या कोट्यवधी लोकांना हा खरा माणूस होता याची कल्पना नसते.

आता मुख्य अडचणीकडे येतो, कारण ती माझीही अडचण आहे. पट्टीच्या वाद्यावर राग वाजतो का?

याच आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून पेटीवर बंदी घातली होती. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहणाऱ्या जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधीच पेटीविरुद्ध लेख लिहिला होता. तिच्या इंग्रजी नावातल्या ‘हार्म’ या अक्षरांवर कोटी करून. रवींद्रनाथांनाही पेटी नकोशी होती. (फोल्ड्स १९३९ च्या एप्रिलमध्ये कोलकात्यात कॉलऱ्यानेच गेले. वेदरफोर्डसारखेच, आणि महिनाही तोच.) आक्षेप खोटे नव्हते. पेटी आणि पियानो यांत सप्तकाचे बारा समान तुकडे केलेले असतात. त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार तर कुठल्याच पट्टीत नाही. मींड नाही. ही बंदी सत्तरच्या दशकात सैल होत गेली, पण मधल्या तीस वर्षांत गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांच्या परंपरेतलं वाद्य रेडिओच्या दाराबाहेर उभं होतं. मी शिकत होतो तेव्हा बार्शीचे माझे गुरुजी म्हणायचे, ‘तुझं वाद्य जातीबाहेरचं आहे रे, पण पंगतीत त्याच्यावाचून कोणाचं भागत नाही.’

पियानोची आणखी एक पंचाईत आहे. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि सूर त्याच क्षणापासून मरायला लागतो. आलापात षड्ज धरून बसायचं म्हटलं तर धरणार काय? संतूरचीही हीच गत. शिवकुमार शर्मा यांनी १९५५ मध्ये मुंबईत संतूर वाजवलं तेव्हा जाणकारांनी हेच बोलून दाखवलं. त्यांनी वाद्यात आणि वादनात फरक करत करत त्यातून वाट काढली.

जॅझवाल्यांनी काय केलं? त्यांच्या ब्लूजमध्येही पट्ट्यांच्या मधले सूर आहेत. गाणारा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लावतो. पियानोत तो नाही. मग हे लोक कोमल गंधार चाटून शुद्धावर घसरतात. थेलोनियस मंक तर दोन शेजारच्या पट्ट्या एकदमच दाबायचा, म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानाला मधला सूर भासावा. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं. आम्ही पेटीवाले कणस्वर लावून हीच लबाडी करत आलो आहोत! आमच्या मराठवाड्यातल्या, जालन्याच्या अप्पा जळगावकरांची पेटी ज्यांनी भीमसेनजींच्या किंवा किशोरीताईंच्या साथीला ऐकली असेल, त्यांना ही लबाडी किती उंचीला जाऊ शकते ते माहीत आहे.

खरा पियानो मी पहिल्यांदा पाहिला तो सोलापुरात, एका शाळेच्या सभागृहात. कोणी नव्हतं. मी काळ्या पट्ट्यांवरच बोटं फिरवली. हा खेळ पेटीवरही करता येतो, घरी पेटी असेल तर आज जरूर करून पाहा. पांढरीला हात लावायचा नाही. काळी तीन हा षड्ज धरून वर गेलात की भूप. काळी एक धरलीत की दुर्गा. काळी चार धरा, मेघाचे सूर मिळतील. काळी दोनपासून धानी. आणि काळी पाचपासून चक्क मालकंस. पाच पट्ट्या, पाच राग. सूर तेच, फक्त षड्ज हलला. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. पांढऱ्यांवर करा: एकपासून बिलावल, दोनपासून काफी, तीनपासून भैरवी, चारपासून कल्याण, पाचपासून खमाज, सहापासून आसावरी. सुरांचे संच मिळाले म्हणजे राग मिळाला असं नाही, हे संगीत शिकणाऱ्यांना सांगायला नको. पण दार तरी सापडतं.

जॅझलाही हे दार १९५९ च्या सुमारास सापडलं. माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत आधार सारखा बदलण्याऐवजी एकाच स्वरसंचावर बराच वेळ थांबायचं ठरलं. तिच्यातल्या पहिल्या रचनेचा मोठा भाग पांढरी दोनपासूनचा, म्हणजे आपल्या काफी थाटाचा आहे. पियानोवर होता बिल इव्हान्स. शोपँ, राव्हेल, दब्युसी कोळून प्यालेला. त्याने १९५८ च्या डिसेंबरमध्ये एकट्याने ‘पीस पीस’ नावाचं वादन केलं होतं. डाव्या हातात दोनच कॉर्ड, तेच ते, शेवटपर्यंत. उजव्या हाताने त्यावर सावकाश विहार. शोपँच्या एका अंगाईची घडण अशीच आहे असं तिकडचे जाणकार म्हणतात. मला विचाराल तर तो तंबोरा आहे. भारतीय संगीताची नक्कल न करता तो आपल्या आलापाच्या इतका जवळ आला आहे, की त्यापुढे सतार आणून बसवलेले पुष्कळसे प्रयोग मला वरवरचे वाटतात.

उदाहरणार्थ ‘रागा जॅझ स्टाइल’. १९६८ मध्ये शंकर-जयकिशन यांनी एचएमव्हीसाठी केलेली तबकडी. तोडी, भैरव, मालकंस, कलावतीपासून भैरवीपर्यंत अकरा राग. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रम्सवर लेस्ली गुदिन्हो आणि पियानोवर लुसिला पाचेको. माणसं एकापेक्षा एक. पण एकेका रागाला मोजकी मिनिटं. राग ओळखू येतो, सजतो, आणि बसायच्या आत उठून जातो. सिनेमातल्या गाण्याच्या मधल्या तुकड्यांची सवय इथे आडवी आली असं माझं मत आहे. तरी ही तबकडी मी जपून ऐकतो, ती लुसिलाबाईंसाठी. हिंदी सिनेमातल्या असंख्य गाण्यांत ज्या बाईंचा पियानो वाजला, त्यांचं नाव इथे निदान तबकडीशी जोडलेलं आहे.

नंतरची गोष्ट भराभर सांगता येईल. निरंजन जव्हेरी यांच्या पुढाकाराने १९७८ मध्ये मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली. धोबीतलावाच्या रंगभवनात, उघड्या आकाशाखाली, सनी रोलिन्ससारखे लोक येऊन वाजवून गेले. दार्जिलिंगला १९४१ मध्ये जन्मलेले, कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर नाव कमावून मुंबईत आलेले पियानोवादक लुई बँक्स हे या काळातलं सर्वांत मोठं नाव. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. रागाचं बारीक काम त्यांनी पियानोकडून करवून घेण्याचा हट्ट धरला नाही. कर्नाटक गायिका रामामणि यांच्या गळ्याकडे ते सोपवलं आणि स्वत: खाली जॅझची संगत आणि लय धरली. पुढे १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर आलेलं, भीमसेनजींच्या भैरवीने सुरू होणारं ते राष्ट्रीय एकात्मतेचं गीत आठवतं? त्याची चाल आपल्या अशोक पत्कींची आणि संगीतसंयोजनात लुई बँक्स. म्हणजे ज्याने कधी जॅझचं नावही काढलं नाही अशा घरातही जॅझ पियानोवाल्याचं काम पोचलेलं आहे.

आता आमच्या भजनी मंडळात पेटीच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला आहे. त्याला डाव्या बाजूला एक चाक असतं. फिरवलं की सूर वाकतो. ज्या मींडीवाचून पट्टीची वाद्यं इतकी वर्षं टाकून बोलणी खात होती, ती आता अंगठ्याखाली आली. एक कॉलेजातला मुलगा वाजवतो. पहिल्या दिवशी त्याने अभंगात ते चाक इतकं फिरवलं की पखवाजवाल्याने थाप थांबवून त्याच्याकडे पाहिलं. हल्ली तो चाकाला फारसा हात लावत नाही. मागे एकदा मी त्याला मोबाइलवर बिल इव्हान्सचं ते ‘पीस पीस’ ऐकवलं. सहा-सात मिनिटं तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटलं, कंटाळला. संपल्यावर त्याने विचारलं, ‘सर, याचा षड्ज पांढरी एकच ना?’

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी भजन सुरू व्हायच्या आधी मंदिरात गेलो तर आवाज बारीक ठेवून तो डाव्या हाताने ते दोनच कॉर्ड घोळवत बसला होता आणि उजव्या हाताने त्यावर बिलावल शोधत होता.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)